हवापालटाला स्वित्झर्लंड

स्वित्झर्लंडच्या लाउटरब्रुनेन खोऱ्यात श्टाउबबाख नावाचा एक धबधबा आहे. श्टाउबबाख म्हणजे धुळीचा ओढा. जवळजवळ तीनशे मीटर उंच कड्यावरून तो खाली झेप घेतो, पण वाटेतच त्याचं पाणी विरून जातं आणि वाऱ्याबरोबर नुसता पांढरा धूर हलत राहतो. जर्मन महाकवी गटे यानं तो १७७९ साली पाहिला आणि त्यावरून त्याला कविता सुचली. आमच्या सौ.नं तो २००४ सालच्या मे महिन्यात पाहिला. तिला तो पाहायला अकरा मिनिटं मिळाली.

अकरा हा आकडा मी उगीच देत नाही. बसमधून उतरताना टूर मॅनेजरनं वीस मिनिटं जाहीर केली होती. त्यातली नऊ स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. बारा दिवसांत सात देश अशी ती सहल होती. मॅनेजर मुलगा बिचारा चांगला होता, वेळापत्रक काही त्यानं केलेलं नव्हतं. रोज रात्री वरण-भात मिळत होता, ठरलेलं सगळं दाखवलं जात होतं. तक्रारीला तशी जागा नव्हती. पण धबधब्यासमोरच्या बाकावरून उठताना ही म्हणाली, "अहो, एकदा इथं परत येऊ आणि नुसतं बसून राहू." मी "येऊ की" म्हटलं. नवरे म्हणतात तसं.

मग मुलीचं शिक्षण, घराचे हप्ते, आईचं आजारपण, मुलीचं लग्न. आता मी निवृत्त झालो आहे, एक मुदत ठेव पिकली आहे, आणि हिचा उजवा गुडघा गेल्या वर्षी बदलून झाला आहे. डावा नंबर लावून बसला आहे. डॉक्टर म्हणाले, "फिरा खुशाल, पण धावायचं नाही." त्याच रात्री 'येऊ की' ची आठवण निघाली.

मुलगी हुशार. तिनं दोन दिवसांत संगणकावर तक्ता करून पाठवला. चौदा रात्री, नऊ मुक्काम. झुरिक, ऱ्हाईनचा धबधबा, ल्युसर्न, इंटरलाकेन, झेरमाट, माँत्रो, सेंट मॉरिट्झ. गाड्यांच्या वेळा मिनिटांसकट. हिनं चष्मा लावून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "ह्यात बाक कुठाय?"

तिथून आमच्या खऱ्या नियोजनाला सुरुवात झाली. गेले चार महिने आम्ही त्या तक्त्यातून एकेक गाव खोडतो आहोत. प्रवासाची आखणी म्हणजे नावं घालत जाणं, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली.

खरं तर आपल्याकडं यासाठी एक चांगला शब्द होता. हवापालट. आमच्या लहानपणी कुणी टायफॉईडमधून उठलं की डॉक्टर सांगायचे, महिनाभर पाचगणीला नाहीतर देवळालीला राहून या. ट्रंका, वळकट्या, स्टोव्ह घेऊन माणसं जायची आणि तिथं काही 'बघायची' नाहीत. सकाळी एक फेरी, दुपारी झोप, संध्याकाळी दुसरी फेरी. स्थलदर्शन हा शब्द नंतर आला आणि हवापालट अडगळीत गेला.

स्वित्झर्लंडचं नशीब असं, की ह्या दोन्ही तऱ्हांचा प्रवास तिथं जवळपास एकाच वेळी रुजला. १८६३ साली टॉमस कुकनं इंग्लंडहून आपली पहिली स्विस सहल नेली. तिच्यात जेमायमा मॉरेल नावाची एक तरुणी होती. तिनं लिहिलेली रोजनिशी पुढं छापली गेली. पहाटे अंधारात उठायचं, घोडागाडी, खेचर, बोट, बाकी पायी. आणि आज इथं तर उद्या तिथं. आमच्या बारा दिवस-सात देशांची ती पणजी म्हणायला हरकत नाही. पुढच्याच वर्षीची, १८६४ ची गोष्ट सेंट मॉरिट्झची आहे. तिथल्या कुल्म हॉटेलचा मालक योहानेस बाद्रुट यानं, म्हणतात, आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली: हिवाळ्यात येऊन पाहा, ऊन मिळालं नाही तर खर्च माझा. ते नाताळात आले आणि ईस्टर होईपर्यंत हललेच नाहीत. गोष्टीत मीठमसाला किती हे सोडून द्या, पण माणसं महिनोन् महिने मुक्कामाला येऊ लागली हे खरं. दावोसला तर क्षयाचे रोगी हवेसाठी येत. दक्षिणेकडं तोंड केलेल्या सज्ज्यांतून, कांबळी पांघरून, तासन् तास आरामखुर्चीवर पडून राहणं हेच त्यांचं औषध. पुढं खरी औषधं निघाली, आरोग्यधामं ओस पडली आणि त्यातल्या काहींची हॉटेलं झाली. १९०० साली आरोग्यधाम म्हणून उघडलेलं दावोसचं शात्झआल्प आज हॉटेल आहे.

आपल्या पिढीपर्यंत पोचली ती कुकची तऱ्हा. त्यात हिंदी सिनेमाची भर. 'संगम'पासून 'दिलवाले दुल्हनिया'पर्यंत आपण तो देश गाण्याच्या कडव्यांतूनच पाहिला. एका कडव्यात तळं, दुसऱ्यात बर्फ. इंटरलाकेनला २०१६ साली यश चोप्रांचा पुतळा उभा राहिला, तो काही उगीच नाही. पण कडव्याच्या वेगानं देश पाहायचा म्हटलं, तर अकरा मिनिटंसुद्धा जास्तच.

असो. खोडाखोडीकडं वळतो.

पहिला प्रश्न कधी जायचं हा. मे महिना आपल्या सुट्टीचा आणि तिथल्या अधल्यामधल्या हंगामाचा. हिवाळ्याचं बर्फ धड गेलेलं नसतं, वरच्या पायवाटा बंद असतात, डोंगरगावांतली बरीच हॉटेलं आणि रोपवे दुरुस्तीसाठी बंद असतात. ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुलं आहेत त्यांनी निदान मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा साधावा. त्या सुमाराला कुरणं फुलतात. आमच्यासारख्यांना शाळेचं बंधन नाही, म्हणून आम्ही सप्टेंबर धरला. गर्दी ओसरलेली असते, हवा बरीचशी स्थिर असते, आणि उन्हाळाभर वरच्या कुरणांत राहिलेल्या गायी, गळ्यात मोठाल्या घंटा आणि डोक्यावर फुलांचे तुरे बांधून गावोगाव वाजतगाजत खाली आणल्या जातात. आपल्या बैलपोळ्याच्याच आगेमागे. ही कल्पना हिला फार आवडली.

दुसरा प्रश्न पासाचा, आणि इथं मी सपशेल चुकत होतो. परदेशी पाहुण्यांसाठी स्विस ट्रॅव्हल पास मिळतो. रेल्वे, बस, बोटी, पाचशेच्या वर संग्रहालयं, सगळं त्यात. पंधरा दिवसांचा पास आठ दिवसांच्या पासापेक्षा फारसा महाग नाही, म्हणून मी पंधराचा घेणार होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, पास घेतला की तुम्ही तो वसूल करत सुटणार." मला ते एकदम पटलं. लग्नाच्या बुफेत ताट भरून घेणाऱ्या माणसाला मी आतून ओळखतो. त्यापेक्षा महिनाभर चालणारं निम्म्या भाड्याचं कार्ड असतं. रेल्वे-बस-बोटींना आणि बहुतेक डोंगरी गाड्यांनाही ते चालतं. त्यात एखादा दिवस कुठंच गेलो नाही तर पैसे वाया गेल्याची टोचणी नाही. रोज गाव बदलणाऱ्यांना, आणि सोळा वर्षांखालची मुलं बरोबर असणाऱ्यांना मात्र पासच बरा; आई किंवा वडिलांच्या पासावर मुलांना कौटुंबिक कार्ड फुकट मिळतं आणि त्यावर ती विनाभाडं हिंडतात.

तिसरा प्रश्न घराघरांत पेटेल असा आहे. फ्रँक शंभर रुपयांच्या वर गेलेला. हॉटेलचे दर पाहून माझे डोळे पांढरे झाले, तेव्हा मी सुट्टीच्या घरांची माहिती काढली. तिथं अशी घरं आठवड्याच्या बोलीनं, बहुधा शनिवार ते शनिवार, भाड्यानं मिळतात. स्वयंपाकघर, भांडी, सगळं असतं. शेवटच्या साफसफाईचे पैसे वेगळे आणि दर माणशी, दर रात्री पाहुणेकर वेगळा, हे धरूनही हॉटेलपेक्षा खूप स्वस्त. मी हिशेब मांडून दाखवला. "कुकर इथूनच नेऊ, तांदूळ-डाळ तिथं मिळते," असंही उत्साहानं म्हणालो.

ही शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुम्ही सज्ज्यात बसून डोंगर बघणार, आणि मी आत शिट्ट्या मोजणार."

ह्यावर काय बोलणार? चाळीस वर्षं जिनं रोज दोन्ही वेळचं रांधलं, तिच्या दृष्टीनं चैनीची पहिली व्याख्या म्हणजे दुसऱ्यानं केलेलं गरम जेवण. ठिकाण कुठलंही असो. घर बाद झालं. न्याहारी आणि रात्रीचं जेवण खोलीभाड्यातच धरणारी हॉटेलं तिथं पुष्कळ आहेत. तसं एक घ्यायचं ठरलं. मुक्काम लांबला की काही हॉटेलं दरही थोडा कमी करतात, विचारायला लाजू नये.

पैसे कुठं ओतायचे आणि कुठं आवळायचे, यावर आमचं एकमत झालं ते असं. विमान साधं. रेल्वेचा दुसरा वर्ग. तिथला दुसरा वर्ग आपल्या कल्पनेतल्या पहिल्यासारखा असतो. खरेदी जवळजवळ नाही. मात्र खोलीला डोंगराच्या बाजूचा सज्जा हवाच, आणि इमारतीला लिफ्ट. शिवाय ल्युसर्नच्या सरोवरात अजून पाच जुन्या चाकाच्या आगबोटी चालतात. त्यातली सर्वांत थोरली 'उरी' १९०१ ची. तिच्यावर वरच्या मजल्यावरचा पहिला वर्ग घ्यायचा आणि पुढल्या टोकाच्या धक्क्यापर्यंत जाऊन त्याच बोटीनं परत यायचं.

जेवणाबद्दल दोन शब्द, कारण पत्र पाठवून विचारतात ते सगळे आधी हेच विचारतात. शाकाहार ही तिथं नवलाई नाही. झुरिकचं हिल्ट्ल हे शाकाहारी उपाहारगृह १८९८ पासून चालू आहे. पण डोंगरातल्या हॉटेलला नुसतं 'शाकाहारी' लिहून भागत नाही. सूप बऱ्याचदा मांसाच्या अर्काचं असतं, तेही नको असं स्पष्ट कळवावं. कडक व्रत असणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की ग्रुयेरसारखी पारंपरिक चीजं वासराच्या जठरातल्या विरजणानं लावलेली असतात. बाकी बटाट्याचा रोश्टी आहे, मॅकरोनी-बटाट्यावर चीज आणि बरोबर सफरचंदाचा गर असा डोंगरी गुराख्यांचा पदार्थ आहे. हिला तो वाचूनच विचित्र वाटला, मला पाहायचा आहे. इथून नेण्याच्या पिशवीत लोणचं, मेतकूट, चटणी चालेल. तूप, पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ भारतातून तिथं नेता येत नाहीत. औषधं मात्र पुरेशी न्यावीत, एका महिन्यापुरती, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. रविवारी दुकानं बंद असतात. अपवाद मोठ्या स्टेशनांवरच्या दुकानांचा. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मुक्काम कमी असले की जोडायची कागदपत्रंही कमी.

आता मुक्काम. नवाचे सात झाले, सातांचे पाच, आणि शेवटी तीन उरले.

पहिला ल्युसर्नच्या सरोवराकाठी, वेग्गिस ह्या छोट्या गावात, चार रात्री. शीण जिरवायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. शेजारच्या फिट्झनाउहून रिगी डोंगरावर दातेरी चाकांची रेल्वे जाते. १८७१ साली सुरू झालेली, युरोपातली ह्या तऱ्हेची पहिली. रिगीवर सूर्योदय पाहायचा हा दीडशे वर्षांपूर्वीचा शिरस्ता. मार्क ट्वेननं आपल्या फजितीची हकीकत लिहून ठेवली आहे: दमून असा झोपला, की उठून धावत बाहेर आला तेव्हा जो सूर्य दिसला तो मावळत होता. आम्ही न्याहारी करून दहाच्या गाडीनं जाऊ.

दुसरा मुक्काम वेंगेन, सात रात्री. एवढ्या रात्री एकाच गावात म्हटल्यावर शेजारचे कुलकर्णी म्हणाले, "अहो, करणार काय तिथं?" वेंगेन लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यावर १२७४ मीटर उंचीच्या एका पायरीवर वसलं आहे. तिथं मोटार जात नाही. खालून १८९३ पासून चालणारी छोटी रेल्वे येते, तेवढीच. ज्यांनी आपलं माथेरान पाहिलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. तिथंही मोटारी दस्तुरीला थांबतात आणि नेरळची चिमुकली गाडी १९०७ पासूनची. फरक एवढाच, की वेंगेनला घोड्यांची लीद नाही आणि स्टेशनवर हॉटेलची विजेची हातगाडीवजा गाडी सामान न्यायला येते.

सात रात्रींचं खरं कारण युंगफ्राउयोख. ३४५४ मीटरवरचं, १९१२ साली पूर्ण झालेलं, डोंगराच्या पोटातून बोगदा काढून नेलेलं रेल्वे स्टेशन. २००४ साली आम्ही तिथं गेलो त्या दिवशी वर धुकं होतं. आम्हाला दिसलं ते पांढरं; सहलीच्या कागदावर ती तारीख होती, मग काय करणार? जाऊन-येऊन भाडं माणशी दोनशे फ्रँकांच्या वर पडतं, तेवढे पैसे धुक्यात घालायचे नाहीत. आठवडाभर पायथ्याशी राहिलं की सकाळी उठून शिखराची थेट चित्रं पाहायची, आकाश स्वच्छ असेल त्या दिवशी जायचं, नसेल तर सज्जा आहेच. इतक्या उंचीवर झटकन जाण्याबद्दल हृदयविकाराच्या मंडळींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. माझा रक्तदाब आहे, मी विचारलं आहे.

ह्या वेळी मला ते दिसावं असं फार वाटतं, त्याला कारण आहे. वरून दिसणारी आलेच हिमनदी आल्प्समधली सर्वांत मोठी, सुमारे वीस किलोमीटर लांब. पण स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ ह्या दोनच वर्षांत आपलं दहा टक्के बर्फ गमावलं. २०२५ च्या मे महिन्यात शेजारच्या लोचेन खोऱ्यात डोंगरकडा आणि हिमनदी कोसळून ब्लाटेन हे गाव जवळजवळ सगळं गाडलं गेलं. तिथल्या सुमारे तीनशे रहिवाशांना काही दिवस आधीच हलवलं होतं म्हणून मोठी प्राणहानी टळली. डोंगर शाश्वत असतात, आपण घाईत असलो तरी ते थांबतात, असं मी तेव्हा बाक सोडताना स्वतःला समजावलं होतं. बर्फ तरी थांबलेलं नाही.

उरलेले दिवस पायवाटांचे. त्या देशात पासष्ट हजार किलोमीटरच्या आखलेल्या वाटा आहेत आणि त्यांच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नव्हे, वेळ लिहिलेली असते. पाऊण तास, दीड तास. धडधाकट माणसाची वेळ ती. आम्ही दुप्पट धरणार. वाटेत जागोजागी बाक असतात. आणि एक पूर्ण दिवस खाली श्टाउबबाखपाशी. त्या दिवशी दुसरं काहीही नाही, असं मुलीनं तक्त्यात ठळक अक्षरांत लिहिलं आहे.

तिसरा मुक्काम माझ्या हट्टाचा. ब्रिएन्झ सरोवराकाठी गीसबाख नावाच्या धबधब्याशेजारी जुनं राजेशाही हॉटेल आहे. बोटीनं उतरायचं आणि १८७९ च्या, दोरावर चालणाऱ्या लाल डब्यातून वर जायचं. हे हॉटेल पाडायचं घाटत होतं. १९८३ साली फ्रान्झ वेबर ह्या पर्यावरणवाद्यानं लोकांकडून पैसे गोळा करून ते वाचवलं. तीन रात्रींचा दर मी इथं लिहीत नाही, कारण हा लेख हिच्या बहिणीही वाचतात. तो बसवण्यासाठी आठ तासांची प्रसिद्ध ग्लेशियर एक्स्प्रेस आणि झेरमाट दोन्ही सोडली. मॅटरहॉर्न न पाहता स्वित्झर्लंडहून परत येणार, हे ऐकून कुलकर्ण्यांनी माझ्याशी त्या संध्याकाळी पुढं बोलणंच टाकलं.

वेंगेनच्या हॉटेलचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. सज्जा आहे, लिफ्ट आहे, पण स्नानगृहात टब आहे. टबाची कड ओलांडणं गुडघ्याला जमेल का, असं त्यांनी आपणहून विचारलं होतं. उघड्या फवाऱ्याची एकच खोली शिल्लक होती, तिच्यातून डोंगर थोडा तिरपा दिसतो. हिनं तीच घेतली. डाव्या गुडघ्याची तारीख नोव्हेंबरात ढकलली आहे. फिजिओथेरपिस्टनं रोज थोडा चढ चढायला सांगितलंय, म्हणून सध्या आम्ही संध्याकाळी टेकडीवर जातो. काल तिसऱ्या वळणापर्यंत पोचलो.